बाळंतविडा आईला, मग बापाला काय?

प्रश्न असा आहे: "परवा भावाला मुलगी झाली. वहिनीचं पहिलं बाळंतपण, त्यामुळे ती पिंपळगाव बसवंतला माहेरी आहे. भाऊ नाशिकला अंबडच्या कंपनीत तीन पाळ्यांत काम करतो आणि नुसता ये-जा करतोय. कौतुक सगळं आई-बाळाचं चाललंय. आत्या म्हणून मला त्याच्यासाठी काहीतरी करायचंय, पण कॉलेज रोडवरून केक आणून कापणं यापलीकडे काही सुचत नाही."

ताई, मुलगी आली त्याचं अभिनंदन, आणि तुमचं लक्ष भावाकडे गेलं याचं विशेष. आपल्याकडे बाळंतपणात प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. आजी आंघोळ आणि शेक बघते, मावशी रात्री सोबतीला झोपते, मामा पाळण्याचं बघतो, आत्या नाव ठेवते. बापाच्या वाट्याला येतं ते दवाखान्याचं बिल, पेढ्यांचे बॉक्स आणि बारशाच्या हॉलवाल्याशी बोलणं. बाळाच्या अंगाशी संबंध असलेलं एकही काम त्याच्याकडे नसतं. म्हणून माझं उत्तर थोडं आडवळणाचं वाटेल: त्याला वस्तू द्या, पण वस्तूच्या आधी बाळाजवळ बसायला जागा द्या, वेळ काढून द्या आणि दोन-तीन कामं त्याच्या हातात येऊ द्या. तुमच्याकडे पाचवी आणि बारसं दोन्ही अजून व्हायचे आहेत, त्यामुळे वेळ अगदी बरोबर आहे.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे जागा, म्हणून तिथूनच सुरुवात. सासुरवाडीत जावई आला की पाहुणा होतो. हॉलमध्ये खुर्ची, चहा, पोहे, मग बाळ दुपट्यात गुंडाळून आणून पाच मिनिटं दाखवतात आणि "आत्ताच झोपलीये" म्हणून परत आत नेतात. यात कुणाचाही वाईट हेतू नसतो, रीतच तशी आहे. पण त्या रीतीत बाप महिना-दीड महिना हॉलमध्येच राहतो, आणि बाळ नाशिकला येतं तेव्हा त्याला ते धरताही येत नसतं. तुम्ही आधी वहिनीला विचारा. टाके, दुखणं, दूध पाजताना लागणारा आडोसा हे सगळं तिचं आहे, त्यामुळे पहिला शब्द तिचाच. ती हो म्हणाली की तिच्या आईशी तुम्ही बोला. भावाला बोलायला लावू नका, जावयाच्या तोंडून ते मागणं अवघड जातं. मागायचं एवढंच: आठवड्यातून एक रात्र, त्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशीची, त्याचं अंथरूण बाळाच्या खोलीत. "काकू, एक रात्र तो जागेल, तुमची झोप होईल" असं म्हटलंत की बहुतेक घरी पटतं, कारण पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत आजीही थकलेली असते.

सोयरामुळे दहा दिवस बाळाला कुणी शिवायचं नाही असं त्या घरी मानत असतील, तर वाद घालू नका. बाळ दवाखान्यात आहे तोवर सिस्टर स्वतः बापाच्या हातात बाळ देतात, ती वेळ साधा. घरी आल्यावर तो आत जाताना आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जाईल असं सांगितलं की घरातली मोठी माणसं बरीच सैल होतात. आणि हे कपडे बदलणं नुसतं समजुतीसाठी नाही. अंबडच्या मशिनशॉपमधून येणाऱ्या माणसाच्या शर्टावर कूलंटचं तेल आणि लोखंडाची बारीक कीस असते. पिंपळगावात द्राक्षबागेतून येणाऱ्याच्या कपड्यांवर फवारणीचं औषध असू शकतं, तेव्हा हा नियम वहिनीच्या वडिलांना आणि तिच्या भावालाही लागू. हातातलं घड्याळ, अंगठी, कडं, मनगटातला दोरा काढायचा. नवजात बाळाची कातडी त्यानेही खरचटते. हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे. तो तंबाखू किंवा सिगारेट घेत असेल, तर बाळाला घेण्याआधी तोंड धुऊन शर्ट बदलायलाच हवा. खरं तर सोडायला याहून चांगला मुहूर्त नाही, पण तो निर्णय त्याचा त्याने घ्यावा, तुम्ही बारशात सगळ्यांसमोर विषय काढू नका.

आता वेळ. कंपनीतले मित्र "पार्टी कधी?" म्हणून मागे लागले असतीलच. त्यांनाच सांगा, पार्टी नको, पाळी बदलून द्या. पहिल्या दोन महिन्यांत चार मित्रांनी एकेक रात्रपाळी स्वतःवर घेतली, तर त्याच्याइतकी मोठी भेट दुसरी नाही. फक्त बदल सुपरवायझरला लेखी कळवून करा, नाहीतर हजेरी आणि पगारात घोळ होतो. पहिली पाळी असेल तर संध्याकाळी, दुसरी असेल तर सकाळी आंघोळीच्या वेळेला त्याला जाता येईल. रात्रपाळी संपवून थेट मोटरसायकलवर आडगाव, ओझरमार्गे पिंपळगावला जाणं मात्र बंद करा. बाळाच्या ओढीने माणूस निघतो आणि आग्रा हायवेवर जड ट्रकच्या रांगेत त्याचे डोळे मिटतात. घरी किमान चार तास झोप, मग एसटी किंवा कुणाच्या तरी गाडीतून जाणं. तुमच्याकडे गाडी असेल तर "दर बुधवारी मी तुला सोडीन आणि आणीन" हे वचन चांदीच्या वस्तूपेक्षा जास्त उपयोगी आहे.

रजेबद्दल थोडक्यात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला हयात अपत्यं दोनपेक्षा कमी असतील तर १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि ती बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येते. खासगी कंपनीवर अशी रजा देण्याचं कायद्याने बंधन नाही. आईला २६ आठवडे आहेत, बापाचं कंपनीच्या नियमावर. एचआरकडे एकदा विचारायला हवं, बऱ्याच जणांना आपल्या कंपनीत ती आहे हेच माहीत नसतं. मिळाली तर सगळी बारशाच्या आठवड्यात उडवू नका. माहेरी पहिले दोन-तीन आठवडे हात भरपूर असतात. वहिनी बाळाला घेऊन नाशिकला परत येईल तो आठवडा खरा गरजेचा, अर्धी रजा तेव्हासाठी ठेवायला सांगा.

हाताला काम देताना एकदम सगळं शिकवू नका. तीन कामं पुरेत, आणि ती पूर्ण त्याची असावीत: ढेकर काढणं, लंगोट बदलणं आणि छातीवर घेणं. दूध सोडून बाकी सगळं बापाला जमतं. दर पाजण्यानंतर बाळ आईकडून त्याच्याकडे यावं, अशी साखळी एकदा बसली की त्याला "मी काय करू?" असं विचारत उभं राहावं लागत नाही.

ढेकर काढताना बाळाची हनुवटी त्याच्या खांद्याच्या किंचित वर यायला हवी, म्हणजे नाक कापडात दबत नाही. एक हात ढुंगणाखाली, दुसऱ्या हाताची बोटं मानेमागे. मान सावरणं हा पहिल्या तीन-चार महिन्यांचा न मोडायचा नियम. पाठीवर थोपटायचं ते हाताची ओंजळ करून, कमरेपासून वर, हलक्या हाताने. बरेच बाप एकतर घाबरून नुसतं कुरवाळतात किंवा जोरात थापट्या मारतात. दहा-पंधरा मिनिटं उभं धरलं आणि ढेकर आलीच नाही तरी चालतं. थोडं दूध बाहेर येणं साहजिक आहे. हिरवी उलटी किंवा दर वेळी जोरात फवारा उडावा तशी उलटी झाली तर लगेच डॉक्टर.

लंगोट बदलणं त्याच्याकडे का द्यायचं, तर बाळाला दूध पुरतंय की नाही याचा सगळ्यात खात्रीचा हिशेब तिथेच असतो. पहिले दोन-तीन दिवस शी काळी, डांबरासारखी चिकट असते, मग हिरवट होते आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू व्हायला हवी. बापाने एक छोटी वही ठेवावी, शू-शी आणि पाजण्याची वेळ लिहावी, पाजणं दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा. घरात "दूध पुरत नाहीये, वरचं द्या" अशी कुजबुज सुरू होते तेव्हा ती वही वहिनीच्या बाजूने उभी राहते. पहिल्या आठवड्यात वजन जन्माच्या वजनापेक्षा थोडं उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, आणि दहा ते चौदा दिवसांत ते भरून यायला हवं. ही गोष्ट बापाला ठाऊक असली की घर घाबरत नाही. मुलगी आहे, तेव्हा पुसताना नेहमी पुढून मागे. कोमट पाण्यात बुडवलेला मऊ सुती कापडाचा बोळा पुरतो. पाय धरून उचलताना घोट्यांमध्ये आपलं एक बोट ठेवावं म्हणजे हाडावर हाड घासत नाही. दुपट्यात गुंडाळताना हात आत असले तरी पाय मांडीपासून मोकळे, बेडकासारखे राहू द्यायचे; पाय सरळ ओढून घट्ट बांधले तर खुब्याच्या सांध्याला धोका असतो. आज्यांना ते सरळ बांधलेलं गाठोडं आवडतं, तेवढं प्रेमाने समजवा.

आणि छातीवर घेणं. माझ्या मते बापासाठी यापेक्षा मोठा सोहळा नाही. कोलंबियातल्या बोगोटामध्ये १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी कमी दिवसांच्या बाळांना ऊब देण्यासाठी ही कांगारू पद्धत सुरू केली. पुढे जगभर ती पसरली, आणि पूर्ण दिवसांच्या बाळालाही तिचा फायदा होतो. बापाची छाती त्यासाठी अगदी योग्य आहे, केस असले तरी. पाठ टेकून, जराशा कललेल्या स्थितीत बसायचं, शर्टाची बटणं उघडी. बाळाच्या अंगात फक्त लंगोट, टोपडं आणि पायमोजे. त्याला दोन्ही छातींच्या मधे उभं ठेवायचं, मान एका कुशीवर, हनुवटी किंचित वर, नाक-तोंड पूर्ण मोकळं आणि आपल्याला दिसेल असं. पाय बेडकासारखे दुमडलेले. पाठीवर दुपटं, त्यावरून शर्ट. एका वेळी किमान तासभर, कारण बाळ स्थिरावायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात. दहा मिनिटांत फोटो काढून खाली ठेवलं तर काहीच साधत नाही. अत्तर, डिओ, पावडर नको. सर्दी-ताप असेल, अंगावर पुरळ असेल त्या दिवशी घ्यायचं नाही. मोठी चूक होते ती झोपेची: रात्रपाळी करून आलेला बाप बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावरच झोपतो. सोफा आणि आरामखुर्चीत बाळ घसरून फटीत किंवा कुशीत दबण्याचा धोका खरा आहे. डोळे जड झाले की बाळ दुसऱ्याकडे द्यायचं किंवा सपाट, टणक गादीवर पाठीवर निजवायचं. उशी नको, मोहरीचीही नको. डोकं गोल व्हावं म्हणून ती ठेवतात, पण एवढ्याशा बाळाला तिची गरज नसते आणि मान दुमडून श्वास अडू शकतो.

छातीवर बाळ असताना त्याने बोलावं. काहीही, अगदी आज कंपनीत कुठलं मशीन बंद पडलं तेही. नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचंच बऱ्यापैकी दिसतं, म्हणजे छातीवरून बापाचा चेहरा एवढंच. लाजरे पुरुष सासुरवाडीत मोठ्याने बोलत नाहीत, म्हणून त्या तासाला खोलीत गर्दी करू नका. दार लोटून घ्या आणि त्याला एकट्याला बसू द्या.

पाचवीबद्दल. त्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते म्हणतात, म्हणून पाटा-वरवंट्याची पूजा, कोरा कागद, पेन, रात्रभर दिवा आणि कुणीतरी जागं. ही जागरणाची रात्र बापाला द्या. वेळही जुळून येते. वहिनीला तेव्हा दूध भरून येत असतं, छाती जड, अंग कणकण, झोप हवी असते. बाळ दर दोन तासांनी उठतं. बापाने बाळ आणून द्यायचं, पाजून झालं की ढेकर काढायची, लंगोट बघायचा, परत निजवायचं. पूजेचा कोरा कागद कोराच राहू द्या, पण त्याला दुसरा एक चांगला कागद आणि पेन द्या आणि सांगा, रात्रीतून मुलीला चार ओळी लिही. अक्षर कसंही असो. तो कागद बंद पाकिटात घालून तुम्ही जपा. दिवा मात्र समईचा असेल तर बाळाच्या अंथरुणापासून आणि लोंबणाऱ्या दुपट्यांपासून लांब, ताटलीत ठेवा.

त्याच रात्री त्याला एक गोष्ट बघायला शिकवा: कावीळ. बहुतेक बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून थोडा पिवळेपणा येतो आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसात तो जास्त दिसतो. सकाळी उजेडात, खिडकीजवळ, ट्यूबलाइटच्या पिवळ्या-निळ्या उजेडात नाही, नाकावर आणि छातीवर बोटाने हलकं दाबून सोडायचं आणि कातडीचा रंग बघायचा. तळहात-तळपाय पिवळे दिसले, किंवा पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा आला, तर घरगुती उपाय आणि कोवळं ऊन यात दिवस घालवायचे नाहीत, दवाखाना गाठायचा. बाळ पिईनासं झालं, उठवूनही उठत नाही, झटके आले, पूर्ण मिनिट मोजून श्वास साठ किंवा जास्त भरले, छाती आत ओढली जाते, काखेत थर्मामीटर ९९.५ फॅरनहाइटच्या वर गेला किंवा अंग गार पडलं, तर लगेच १०८. हे सगळं एका कागदावर लिहून पाळण्याजवळ चिकटवा. बापाच्या अक्षरात असेल तर बरं, लिहिता लिहिता पाठ होतं.

आता भेट, कारण आत्याला मोकळ्या हाताने जाववत नाही. आईसाठी बाळंतविडा असतो, तसा बापाचा विडा करा. टोपली किंवा डबा घ्या आणि त्यात हे घाला: पुढून पूर्ण उघडणारे दोन मऊ, धुवून घेतलेले सुती शर्ट, एक माप मोठे, छातीवर घेताना लागतात. टोक मऊ असलेला डिजिटल थर्मामीटर. एक लिटरचा थर्मास. रात्री डोळ्यांवर येणार नाही असा अर्ध्या वॉटचा पिवळसर दिवा, कारण मोबाइलच्या टॉर्चमध्ये लंगोट बदलणं म्हणजे एक हात गुंतलेला. जुन्या मऊ साडीची किंवा धोतराची सहा-आठ चौकोनी फडकी, खांद्यावर टाकायला. आईच्या साडीचं असेल तर फारच छान, ते आजीचं पांघरूण होतं. वही-पेन. कागदपत्रांसाठी प्लास्टिकची फाइल. हे सगळं मेन रोड-रविवार कारंजा परिसरात एका दुपारी मिळेल.

थोडं मौल्यवान काही द्यायचं मनात असेल तर सराफ बाजारातली चांदीची वाटी-चमचा बाळासाठी येईलच कुणाकडून तरी. त्याऐवजी भांडी बाजारातून तांब्याचं किंवा पितळेचं मध्यम घंगाळ आणा आणि सांगा की मुलीची आंघोळ या घंगाळातून, आणि पाणी तूच घालायचंस. नाळ पडेपर्यंत, म्हणजे साधारण एक ते दोन आठवडे, ओल्या फडक्याने पुसणंच बरं; नाळेला हळद, तेल, राख, पावडर काही लावायचं नाही, कोरडी आणि लंगोटाच्या बाहेर ठेवायची. नाळ पडली की आंघोळ. घंगाळात आधी गार पाणी, मग गरम, हा क्रम कधीच उलटा नको. गरम आधी ओतलं तर भांड्याचा काठ आणि तळ तापतो आणि पाणी कोमट वाटलं तरी धातू चटका देतो. हाताने हलवून मग कोपर बुडवून बघायचं, कोपराला गारही नको, गरमही नको. पहिल्या काही वेळा बाळ आजीच्याच पायावर असू दे आणि बापाने फक्त पाणी घालावं. मालिश हलक्या हाताने, खोबरेल तेलाने. नाक ओढणं, छाती पिळणं, कानात-नाकात तेल सोडणं नको. पुसून झाल्यावर मांडीची, मानेची, काखेची घडी कोरडी झाली का हे बापाने बघावं, तिथेच पुरळ उठतं.

आंघोळीनंतर धुरी आणि शेकाची शेगडी येते. निफाड-पिंपळगावच्या थंडीत ती हवीशी वाटते हे खरं, पण बंद खोलीत पेटलेले कोळसे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, डोळे चुरचुरत नाहीत, माणूस झोपेतच गळून जातो. खोलीची खिडकी उघडी ठेवणं आणि शेगडी रात्री बाहेर नेणं ही जबाबदारी बापाची करून टाका. ओवा-शेपाचा धूर बाळाच्या फुप्फुसाला चांगला नाही, गरम पाण्याची पिशवी आणि टोपडं-मोजे पुरतात. मधाचं बोट, सोनं उगाळून, घुटी यांनाही सहा महिने थांबवायचं. मध तर वर्षभर नकोच, त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. यातलं एकेक वाक्य जावयाने बोललं तर घरात नाराजी होते, म्हणून हे डॉक्टरांकडून आजीसमोर विचारून घ्यावं. पहिल्या तपासणीला तो बरोबर असेल असं बघा.

खाण्याचं. वहिनीला डिंकाचे, अळिवाचे लाडू मिळतात, भाऊ दवाखान्याच्या दारात वडापाव खाऊन दिवस काढतो. त्याच्या जागरणासाठी दशम्या करून द्या, टिकतात आणि एका हाताने खाता येतात. दोन वाट्या कणीक, पाऊण वाटी चिरलेला गूळ, अंदाजे अर्धी वाटी दूध, दोन चमचे तूप, चिमूटभर मीठ, थोडी वेलची. दूध तापवून कोमट होऊ द्या आणि मगच गूळ घाला. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटतं. विरघळला की गाळून घ्या, गुळात कचकच असते. त्या दुधात कणीक घट्ट भिजवा, अर्धा तास झाका, पोळीपेक्षा जाड लाटून मंद आचेवर भाजा. आच मोठी केली की गूळ आधी जळतो आणि मधे कच्चं राहतं. दहा-बारा होतात. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, गरम भरल्या तर घाम धरून दुसऱ्या दिवशी बुरशी येते. थंडीत दोन-तीन दिवस, उन्हाळ्यात दीड दिवस धरा. बरोबर शेंगदाण्याची चटणी.

पेढे की बर्फी, हा प्रश्न भावावर सोडा. मुलगी म्हणून बर्फी-जिलबी आणि मुलगा म्हणून पेढे असं काही नाही. त्याला पेढे आवडत असतील तर पेढेच वाटा.

बारशात तुमचा मान मोठा आहे, तो थोडा भावाला वाटून द्या. मांडव, जेवण, पाहुण्यांची सोय यातलं एकही काम त्या दिवशी त्याच्याकडे ठेवू नका, दोन चुलतभावांना नेमा. बाळाला आतून पाळण्यापर्यंत त्याने स्वतः आणावं. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" करताना पाळण्याखालून-वरून बाळ देण्याघेण्यात एका बाजूला तो असावा. तांदळाच्या ताटात नाव त्याच्या बोटाने लिहून घ्या, आणि तुम्ही कानात नाव सांगून गुद्दे खाऊन झाले की वहिनीबरोबर त्यालाही पाटावर बसवून ओवाळा. वहिनीच्या आधी नाही, एकटं नाही, दोघांना एकत्र. कार्यक्रम पाजून झाल्यावर लगेच सुरू करून पाऊण-एक तासात आटपा. बाळ भुकेलं असताना मुहूर्त धरला की रडारड होते आणि आईचा जीव टांगणीला. फोटोसाठी बाळ सगळ्यांच्या हातातून फिरवू नका. "हात धुऊन या, मुका घेऊ नका" हे पाहुण्यांना सांगायचं काम बापाचं, आई सांगते तेव्हा लोक रुसतात. वाद्य, साउंड सिस्टिम पाळण्याच्या खोलीत नको.

नाव ठरलं की जन्मनोंद. जन्म जिथे झाला तिथल्या कार्यालयात नोंद होते, म्हणजे बाळ पिंपळगावच्या दवाखान्यात जन्मलं असेल तर नाशिक महापालिकेत फेऱ्या मारून उपयोग नाही. नोंद २१ दिवसांच्या आत, दवाखाना माहिती पाठवतो, पण स्पेलिंग आणि आई-बापाची नावं आधार कार्डाप्रमाणे आहेत का हे पाठवण्याआधी बघून घ्यावं. नंतरची दुरुस्ती फार वेळ खाते. बाळाचं नाव नंतर घालता येतं, १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागतो. पहिला दाखला हातात आला की त्याची रंगीत प्रत काढून त्या फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. लसींचं माता-बाल कार्डही त्याच फाइलमध्ये: जन्मावेळच्या बीसीजी, पोलिओ, कावीळ-बी झाल्या का ते तपासा, पुढच्या ६, १० आणि १४ आठवड्यांना. त्या तीन तारखा भावाच्या पाळीच्या तक्त्यावर आत्ताच लाल पेनने मांडून ठेवा.

शेवटची गोष्ट, जी आपल्याकडे बोलली जात नाही. बाळ आल्यावर आईसारखंच बापाचंही मन खचू शकतं, साधारण दहात एका बापाचं. पुरुष रडत बसत नाहीत, म्हणून लक्षात येत नाही. चिडचिड वाढते, ओव्हरटाइम मागून घेतो, बाळाजवळ जायला टाळतो, दारू वाढते, झोपायला वेळ असूनही झोप लागत नाही, "मला हे जमणार नाही" पुन्हा पुन्हा येतं. असं दोन आठवड्यांच्या वर टिकलं तर फॅमिली डॉक्टर, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर, तिथे मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचं बोलला तर वाट बघू नका, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. वहिनी माहेरी असताना तो नाशिकच्या घरात एकटा असतो, हे विसरू नका. आठवड्यातून दोनदा त्याला तुमच्याकडे जेवायला बोलवा आणि बाळ कसं आहे हे विचारण्याआधी "तू किती झोपलास?" ते विचारा.

या आठवड्यापुरतं: आज वहिनीला फोन, उद्या तिच्या आईशी बोलणं, पाचवीच्या दुपारी दशम्या आणि शर्ट घेऊन तुम्ही भावाबरोबर पिंपळगावला. संध्याकाळी तुम्ही परत या, त्याला तिथे राहू द्या.